पदवी दिली, वर्ग दिला नाही

१७३२ सालच्या ऑक्टोबरअखेरीस इटलीतल्या बोलोन्या शहराच्या सिनेटने, म्हणजे कारभारी सभेने, विशीतल्या एका मुलीला विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमलं. वर्षाला ५०० लिरा पगार ठरला. विषय तत्त्वज्ञान, आणि त्या काळच्या तत्त्वज्ञानात आजचं भौतिकशास्त्रही येत असे. मुलीचं नाव लॉरा बास्सी. नेमणुकीला एक अट होती. ती स्त्री असल्यामुळे तिने विद्यापीठात जाहीर व्याख्यानं द्यायची नाहीत, वरिष्ठांची आज्ञा होईल तेव्हाच द्यायची.

पगार चालू, मान चालू, शिकवणं बंद. मग नेमलं तरी कशाला?

या एका प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला तर युरोपातल्या सुरुवातीच्या विदुषींचा सगळा इतिहास उलगडतो. आपल्यासमोर तो बहुतेक वेळा 'पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक' अशा यादीच्या रूपात येतो. यादी खोटी नसते, पण तिच्यावरून वाटतं की एकीने दार उघडलं आणि मागोमाग बाकीच्या आत आल्या. तसं झालेलं नाही. विद्यापीठात असणं ही एक गोष्ट नाही. शिकायला मिळणं, पदवी मिळणं, शिकवायचा हक्क मिळणं आणि संस्थेच्या कारभारात मत असणं, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पुरुषाला त्या ओळीने मिळत जात. स्त्रियांना मात्र त्या तुकड्यातुकड्यांनी मिळाल्या. एक तुकडा हाती आला तरी बाकीचे मिळतीलच याचा काही भरवसा नव्हता.

त्यासाठी आधी तेव्हाचं विद्यापीठ म्हणजे काय ते पाहू. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड, पाडुआ ही युरोपातली सर्वांत जुनी विद्यापीठं अकराव्या ते तेराव्या शतकात उभी राहिली. मध्ययुगीन शहरात विणकरांचे, सोनारांचे संघ असत, तसाच हाही संघ होता, फक्त इथे धंदा विद्येचा. डॉक्टर ही पदवी म्हणजे या संघात प्रवेश. ती मिळाली की शिकवायचा परवाना मिळे, झगा आणि टोपी मिळे, सभेत बसायला जागा मिळे. पॅरिस-ऑक्सफर्डकडे विद्यार्थी आणि शिक्षक चर्चच्या व्यवस्थेतले मानले जात, आणि चर्चच्या पदांवर स्त्रीला जागाच नव्हती. शिकवण्याची भाषा लॅटिन. ती मुलगे शाळेत शिकत, मुलींना त्या शाळांत घेत नसत. त्यामुळे 'स्त्रियांना प्रवेश नाही' असा नियम लिहून ठेवायची फारशी गरजच पडली नाही. अख्खी व्यवस्थाच तशी होती.

इटलीत मात्र एक फट राहिली होती. तिथली विद्यापीठं मुख्यतः कायदा आणि वैद्यक शिकवणारी, शहरांच्या पैशावर चालणारी. पदवीची परीक्षा घ्यायचं काम वर्ग घेणाऱ्यांकडे नसे, ते डॉक्टरांच्या एका वेगळ्या मंडळाकडे असे. एखादा नामांकित प्राध्यापक पाठीशी उभा राहिला, तर घरी शिकलेल्या उमेदवारालाही या मंडळासमोर उभं करता येई. म्हणजे वर्गात पाऊल न टाकता पदवीपर्यंत पोचण्याचा एक रस्ता होता. घरी लॅटिन शिकवणारा शिक्षक ठेवण्याची ऐपत, वजनदार बाप आणि पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक, एवढं जमलं तर मुलगीही त्या रस्त्याने जाऊ शकत होती.

एलेना कोर्नारो पिस्कोपिया अशीच गेली. जन्म १६४६, व्हेनिसचा. कोर्नारो हे व्हेनिसचं बडं घराणं. आई मात्र साध्या शेतकरी कुटुंबातली, आणि आईवडिलांचं लग्न मुलं झाल्यानंतर झालेलं. त्यामुळे मुलग्यांची नावं सरदार घराण्यांच्या यादीत चढवायला बापाला फार खटपट करावी लागली. अशा घरात मुलीची विद्वत्ता ही कुळाची अब्रू उंचावणारी गोष्ट ठरली. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, स्पॅनिश, फ्रेंच, अरबी अशा भाषा तिला शिकवल्या गेल्या. तिचा स्वतःचा ओढा धर्माकडे होता. घरी राहूनच तिने बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाची व्रतं घेतली होती.

तिच्यासाठी पाडुआ विद्यापीठात धर्मशास्त्राची डॉक्टर पदवी मागितली गेली. विद्यापीठाचे कुलपती म्हणजे पाडुआचे बिशप, कार्डिनल बार्बारिगो. ते अडून बसले. धर्मशास्त्राचा डॉक्टर म्हणजे चर्चमध्ये धर्म शिकवण्याचा अधिकारी, आणि स्त्रियांनी सभेत गप्प राहावं असं बायबलमधल्या सेंट पॉलच्या पत्रात लिहिलेलं. शेवटी तडजोड झाली: धर्मशास्त्र नाही, तत्त्वज्ञानाची पदवी द्यायची.

तो दिवस २५ जून १६७८. गर्दी एवढी लोटली की विद्यापीठाचं सभागृह पुरेना, म्हणून समारंभ पाडुआच्या कॅथेड्रलमध्ये घेतला. रीत अशी होती की उमेदवाराला ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांतले दोन उतारे नेमून द्यायचे आणि त्यावर त्याने विद्वानांसमोर लॅटिनमध्ये विवेचन करायचं. एलेनाला एक उतारा तर्कशास्त्राचा आला, दुसरा भौतिकाचा. एरवी उमेदवार पास की नापास हे गुप्त मतदानाने ठरे. तिच्या बाबतीत परीक्षकांनी मतदान बाजूला ठेवून एकमुखाने पसंती दिली. मग तिच्या हाती ग्रंथ दिला, बोटात अंगठी घातली, खांद्यावर अर्मिन या प्राण्याच्या केसाळ कातडीचा (फरचा) पदर घातला आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला. पुरुष डॉक्टरला मिळणारी सगळी चिन्हं तिला मिळाली.

आणि पुढच्याच वर्षी काय झालं? पाडुआत शिकवणाऱ्या शार्ल पातँ या प्राध्यापकाच्या मुलीसाठी पदवीची मागणी पुढे आली. विद्यापीठाची देखरेख करणाऱ्या व्हेनिसच्या अधिकाऱ्यांनी साफ नकार दिला: यापुढे स्त्रीला पदवी नाही. एलेनाच्या वेळी जो नियम कुणी कागदावर आणला नव्हता, तो तिच्या यशानंतर आणला गेला. या सगळ्या कथेतली ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. पहिली बाई आत आली म्हणून दुसरीला दार बंद! एलेना स्वतः पाडुआत प्राध्यापक झाली नाही. १६८४ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी ती गेली. तिचा पुतळा आजही विद्यापीठाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी उभा आहे.

आल्प्सच्या उत्तरेला तर ही फटही नव्हती. हॉलंडमधली आना मारिया फान शुर्मान ही तिच्या काळातली युरोपभर गाजलेली विदुषी. १६३६ मध्ये उट्रेख्टचं विद्यापीठ उघडलं, तेव्हा उद्घाटनासाठी लॅटिन कविता लिहायला तिलाच सांगण्यात आलं. तिने लिहिली, आणि त्याच कवितेत स्त्रियांना इथे येता येत नाही ही तक्रारही नोंदवली. त्यानंतर धर्मशास्त्राचे प्राध्यापक व्होएत्सिउस यांच्या मदतीने तिला व्याख्यानं ऐकायची परवानगी मिळाली. विद्यार्थ्यांना ती दिसू नये म्हणून तिने आडोशाला, पडद्यामागे बसायचं. तिने इथिओपियाच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. ऐकायला मिळालं, पण पदवीचा प्रश्नच आला नाही.

मुलींनी शिकावं की नाही यावर फान शुर्मानने तर्कशास्त्राच्या रीतीने, प्रतिज्ञा आणि निष्कर्ष मांडत, एक लॅटिन प्रबंध लिहिला. तिची बाजू अर्थात शिकण्याची होती. पण ज्या मुलींकडे पैसा आहे, फुरसत आहे, घरकामाचं ओझं नाही, त्यांच्यापुरतंच ती बोलत होती. यासाठी आज तिला दोष देण्यात अर्थ नाही, मात्र हे विसरूही नये. या लेखातल्या बहुतेक जणी सुखवस्तू घरांतल्या आहेत. एलेनाची आई ज्या घरातून आली, तिथल्या मुलीला अक्षरओळख झाली तरी पुष्कळ.

आता परत बोलोन्याला, कारण लॉरा बास्सीची गोष्ट एलेनापेक्षा फार वेगळ्या वाटेने गेली.

लॉरा सरदार घराण्यातली नव्हती, वकिलाची मुलगी होती. कुटुंबाचे डॉक्टर गाएतानो ताक्कोनी विद्यापीठात शिकवत. घरी येता-जाता मुलीची हुशारी त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी अनेक वर्षं तिला गाजावाजा न करता शिकवलं. बातमी फुटली ती योग्य माणसाच्या कानावर गेली: बोलोन्याचे आर्चबिशप प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी. हेच पुढे १७४० मध्ये बेनेडिक्ट चौदावे या नावाने पोप झाले.

शहराला तेव्हा अशा एखाद्या घटनेची गरज होती. बोलोन्या पोपच्या राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पण विद्यापीठाचं जुनं तेज ओसरलं होतं. नव्या विज्ञानासाठी शहरात विज्ञानसंस्था काढली होती, तिचंही नाव व्हायला हवं होतं. १७ एप्रिल १७३२ रोजी नगरभवनात लॉराने ४९ सिद्धांतांवर जाहीर वादसभेत प्राध्यापकांशी लॅटिनमध्ये शास्त्रार्थ केला. १२ मे रोजी पदवी मिळाली. त्या विज्ञानसंस्थेतल्या विद्वानांच्या मंडळाने, म्हणजे विज्ञान अकादमीने, त्याआधीच तिला सदस्य करून घेतलं होतं. तिच्या नावाचं पदक पाडलं, तिच्यावर कवितांचे संग्रह निघाले. डिसेंबरात तिचं पहिलं व्याख्यान झालं तेही सोहळ्यासारखंच.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शहराला लॉरा हवी होती ती भूषण म्हणून. पाहुणा राजपुत्र आला की तिने वादसभेत बोलायचं, कार्निव्हलच्या दिवसांत शवविच्छेदनाचे जाहीर कार्यक्रम होत तिथे हजर राहून प्रश्न विचारायचे. रोज सकाळी वर्ग घेणारी, मुलांच्या शंका सोडवणारी, परीक्षा घेणारी प्राध्यापक कुणी मागितलीच नव्हती.

लॉराला मात्र तेच व्हायचं होतं. तिने त्या अटीवर सतत अर्ज-विनंत्या केल्या. १७३८ मध्ये जुझेप्पे वेरात्ती या डॉक्टरशी लग्न केलं. त्यावर शहरात बरीच कुजबुज झाली, कारण लोकांच्या मनात विदुषी म्हणजे कुमारी देवता. लॉराने एका पत्रात आपली बाजू स्पष्ट लिहिली: मी असा माणूस निवडला आहे की जो विद्येच्या त्याच वाटेवर आहे आणि मला त्या वाटेवरून मागे खेचणार नाही. तिचा हिशेब अचूक होता. लग्न झालेल्या बाईच्या घरी पुरुष विद्यार्थी येऊ-जाऊ शकत होते. कुमारीच्या घरी ते शक्य नव्हतं.

१७४९ च्या सुमारास तिने घरातच प्रायोगिक भौतिकशास्त्राचा वर्ग सुरू केला. नवरा-बायकोने मिळून उपकरणं जमवली, विजेचे प्रयोग मांडले. न्यूटनचं विज्ञान तेव्हा इटलीत नवं होतं, त्याचं शिक्षण विद्यापीठात तोकडं होतं. घरचा वर्ग चालला, विद्यार्थी बाहेरगावांहूनही यायला लागले. पुढे जीवशास्त्रात मोठं नाव कमावलेला लाझ्झारो स्पाल्लान्झानी हा तिचा नातलग, आणि तो तिच्याकडेच शिकला. सिनेटला हळूहळू तिचा पगार वाढवून द्यावा लागला. वर्ग दिला नाही म्हणून तिने वर्ग बांधला. आणि हे सगळं बाळंतपणं आणि मुलांची आजारपणं सांभाळून.

मताच्या हक्काचं काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. १७४५ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी अकादमीत २४ निवडक संशोधकांचा एक गट केला. त्यांना मानधन मिळे, आणि त्याबदल्यात त्यांनी दरवर्षी एक शोधनिबंध वाचायचा. लॉराने आपलंही नाव घ्यावं म्हणून पत्रं लिहिली. पोपनी तिच्यासाठी पंचविसावी जागा केली, पण ती जादा जागा. सदस्य निवडण्याच्या मतदानात तिला इतरांच्या बरोबरीचा हक्क मिळाला नाही. निबंध मात्र ती वर्षानुवर्षं वाचत राहिली: हवेचा दाब, द्रवांची गती, वीज. छापून आले ते अगदी मोजके. इतकं काम केलेल्या बाईचं नाव विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात का नाही, याचं एक कारण हे आहे.

तिची कीर्ती मात्र दूरवर होती. बोलोन्याच्या अकादमीत प्रवेश मिळावा म्हणून प्रसिद्ध फ्रेंच लेखक व्होल्टेअरने तिला पत्र लिहिलं, त्यात म्हटलं की लंडनमध्ये बास्सी नाही. १७७६ मध्ये, साठी उलटल्यावर, तिला विज्ञानसंस्थेत प्रायोगिक भौतिकशास्त्राची मुख्य जागा मिळाली. हाताखालचा साहाय्यक म्हणून नेमणूक झाली तिच्या नवऱ्याची. पुढच्या दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७७८ मध्ये ती गेली.

बोलोन्याने आणखी काही जणींना मान दिला. मिलानची गणितज्ञ मारिया गाएताना आन्येसी हिने १७४८ मध्ये कलनशास्त्रावरचं (कॅल्क्युलसवरचं) मोठं दोन खंडांचं पाठ्यपुस्तक इटालियनमध्ये लिहिलं. ते इतकं नीट रचलेलं होतं की नंतर त्याची फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरं झाली. पोपनी १७५० मध्ये तिला बोलोन्यात गणिताची जागा दिली. ती तिथे कधी गेलीच नाही. वडील वारल्यावर तिने गणित सोडलं आणि उरलेलं आयुष्य गरीब, आजारी बायकांच्या सेवेत घालवलं. तिचं नाव बोलोन्याच्या यादीत मात्र वर्षानुवर्षं राहिलं.

आता दुसऱ्या वाटेने आलेली एक बाई. मारिया विंकेलमान, जर्मन ज्योतिर्विद. जर्मनीत आकाशनिरीक्षण बरंचसं घरातून चाले. सुताराच्या घरात बायको-मुलं रंधा मारतात तसं ज्योतिर्विदाच्या घरात बायको-मुली रात्र-रात्र दुर्बिणीशी बसत आणि पंचांगाचं गणित करत. मारिया आणि तिचा नवरा गॉटफ्रीड किर्ख बर्लिनच्या नव्या अकादमीसाठी पंचांग बनवत. त्या पंचांगाच्या विक्रीवर अकादमीचा खर्च चाले. १७०२ मध्ये नवरा झोपलेला असताना मारियाला एक धूमकेतू दिसला. पहिली बातमी नवऱ्याच्या नावाने गेली. तो शोध बायकोचा, हे त्याने काही वर्षांनी छापून कबूल केलं.

१७१० मध्ये नवरा वारला. मारियाने अर्ज केला: पंचांगाचं काम मी इतकी वर्षं करतेच आहे, ते माझ्याकडेच राहू द्या. कारागिरांच्या संघांत विधवेला नवऱ्याचा धंदा चालवू देण्याची रीत होतीच. अकादमीचा अध्यक्ष लाइब्निझ तिच्या बाजूने होता. तरीही अर्ज फेटाळला गेला. तिला काम येत नाही असं कुणीच म्हणालं नाही. अकादमीच्या सचिवाची काळजी वेगळीच होती: हिला ठेवलं तर उदाहरण पडेल आणि लोक आपल्याला नावं ठेवतील. पुढे तिचा मुलगा त्या जागेवर आला तेव्हा ती त्याच्या हाताखाली काम करू लागली. पाहुणे आले की तिने मागे राहावं, असं तिला बजावण्यात आलं. शेवटी तिला वेधशाळा सोडावी लागली. ज्ञान घरातून संस्थेत गेलं की बाईचं स्थान आपोआप वर जातं, असा आपला समज असतो. इथे उलट झालं.

डोरोथिआ एर्क्सलेबेनला पदवीची वाट धरायला लावली ती एका तक्रारीने. क्वेडलिनबुर्ग गावच्या डॉक्टरची ही मुलगी. बापाने तिला भावाबरोबर वैद्यक शिकवलं. हाले विद्यापीठात शिकण्याची परवानगी तिने प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिख याच्याकडे मागितली, १७४१ मध्ये ती मिळालीही. पुढच्याच वर्षी तिने मुलींना शिक्षणापासून अडवणाऱ्या कारणांची एकेक करून चिरफाड करणारं पुस्तक छापलं. पण हालेला जाणं झालं नाही. एका विधुर पाद्र्याशी लग्न झालं, त्याची पाच मुलं होती, मग तिची स्वतःची झाली. बाप वारल्यावर त्याचे रोगी ती बघू लागली. १७५३ मध्ये एक रोगी दगावला आणि गावातल्या तीन डॉक्टरांनी तक्रार केली: ही बाई परवाना नसताना औषधं देते.

तिचं उत्तर होतं, माझी परीक्षा घ्या. त्या वेळी ती गरोदर होती, म्हणून मुदत मागितली. बाळंतपण उरकलं, लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. विषय होता वैद्यांची घाई: रोग्याला झटपट आणि गोड वाटेल असे उपचार करून टाकण्याची खोड. मे १७५४ मध्ये हालेत तिची तोंडी परीक्षा झाली आणि जूनमध्ये वैद्यकाची डॉक्टर पदवी मिळाली. त्यानंतर १७६२ मध्ये मरेपर्यंत तिने गावात उजळ माथ्याने व्यवसाय केला. तिच्यामागून जर्मनीत वैद्यकाची विद्यापीठं स्त्रियांना नियमितपणे खुली व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

पाडुआ, बोलोन्या, हाले, सगळीकडे तोच साचा. राजा, पोप किंवा सिनेट एका व्यक्तीसाठी परवानगी देतं. परवानगी व्यक्तीची असते, म्हणून ती तिच्याबरोबरच संपते. दुसरीला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. पहिलीचं उदाहरण तिच्या कामी येईलच असं नाही. उलट 'आम्ही एकीला दिली होती ना' हे म्हणायला संस्था मोकळी होते.

एकोणिसाव्या शतकात हा क्रम उलटा झाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मुलींसाठी वेगळी कॉलेजं निघाली, व्याख्यानं ऐकता येऊ लागली, परीक्षांना बसता येऊ लागलं, पण पदवी नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या मुलींच्या कॉलेजात गेल्या. कायद्याच्या पदवीपरीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्या ती परीक्षा पास झाल्या. प्रत्यक्ष पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण स्त्रियांना पदव्या द्यायचा निर्णय ऑक्सफर्डने १९२० मध्ये घेतला.

केंब्रिजने त्याहून उशीर केला. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांनी तिथे १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीचं नाव देत असे, पण पदवीधर पुरुषाला जे सदस्यत्व आणि विद्यापीठाच्या कारभारात जे मत मिळे, ते देत नसे. ते मिळू लागलं १९४८ मध्ये.